पिंजऱ्याखालचा गाळ : माशांना दिलेले प्रतिजैविक शेवटी कुठे जाते?

फ्योर्डकाठ (धागाकर्ती)

मत्स्यशेतीतल्या प्रतिजैविकांविषयी आपल्याकडे चर्चा निघते ती ताटातल्या माशावरून, आणि बहुधा तिथेच थांबते. मासळीत औषधाचा अंश किती राहिला, तो मर्यादेत आहे की नाही, निर्यातीचा माल परत आला का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेल्या माशाला ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध दिले, तर त्यातला थोडाच भाग त्याच्या अंगी लागतो. उरलेला विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून खाली जातो व तळाच्या गाळात बसतो. नॉर्वेत बर्गेनजवळच्या फ्योर्डांतून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांतून, काढलेल्या अशा गाळाचे रासायनिक पृथक्करण करण्यात माझी काही वर्षे गेली. त्या काळात एक गोष्ट मनात पक्की झाली, ती अशी की गाळातून औषध दिसेनासे झाले म्हणजे ते नष्ट झाले असे धरून चालणे, ही या विषयातली सर्वांत सोयीची आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढते आहे.

आधी साधा हिशेब मांडते. ऑक्सिटेट्रासायक्लिनची रूढ मात्रा म्हणजे दर किलो माशामागे रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम, आणि ती दहा दिवस द्यायची. एका फार्मवर १०० टन सॅल्मन असेल, तर कमी मात्रा धरूनही एका उपचाराला ७५ किलो शुद्ध औषध लागते. ते पाण्यात टाकत नाहीत, खाद्याच्या दाण्यांवर चढवून देतात. इथे दोन अडचणी एकदम येतात. आजारी मासा मुळात खात नाही, त्यामुळे औषधाची सर्वाधिक गरज ज्याला असते त्याच्याच तोंडापुढून दाणे खाली निसटतात. जो खातो त्याच्या आतड्यात समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. ते या औषधाला धरून ठेवते आणि शोषण होऊ देत नाही. या दोन्ही वाटांनी मिळून दिलेल्या औषधापैकी ७० ते ८० टक्के भाग परिसरात जातो, असा अंदाज त्या काळच्या अभ्यासांत मांडला गेला होता. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ७५ किलोंपैकी पन्नासहून अधिक किलो औषध काही आठवड्यांत पिंजऱ्यांखालच्या जेमतेम काही हजार चौरस मीटर तळावर उतरते.

वरच्या उजेडातल्या पाण्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन फार काळ टिकत नाही, प्रकाशाने त्याचा रेणू मोडतो. पण विष्ठेचे आणि दाण्यांचे कण पाण्यात रेंगाळत नाहीत. ते भराभर अंधाऱ्या, थंड तळाशी पोहोचतात आणि तिथे प्रकाशाचा उपयोग संपतो. पहिल्या काळातले फार्म वादळापासून आडोसा मिळावा म्हणून शांत, कमी प्रवाहाच्या खाड्यांत मांडलेले असत, त्यामुळे घाण दूर वाहून न जाता पिंजऱ्याच्या सावलीतच साचत असे. असा गाळ वर काढला की हायड्रोजन सल्फाइडचा, कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. रंग काळा असतो आणि पृष्ठभागावर बेगिआटोआ नावाच्या जिवाणूंची पांढरी साय पसरलेली दिसते. त्यात प्राणवायू असलाच तर वरच्या एकदोन मिलिमीटरांपुरता. त्याखाली सगळा व्यवहार सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंच्या हाती असतो, आणि माशांची विष्ठा कुजवून संपवण्याचे बरेचसे काम त्यांनाच करावे लागते.

नॉर्वेत हे प्रकरण किती वाढले होते हे आकड्यांशिवाय कळणार नाही. १९७९ च्या सुमारास हित्रा बेटाच्या परिसरात थंड पाण्यातला व्हिब्रियोसिस हा माशांचा जिवाणूजन्य रोग दिसला आणि त्याला हित्रा रोग हेच नाव पडले. पुढे १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर फुरुंक्युलोसिस हा दुसरा जिवाणूजन्य रोग आला. १९८७ साली नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली, आणि त्या वर्षीचे मासळीचे उत्पादन होते साधारण पन्नास हजार टन. टनामागे जवळजवळ एक किलो औषध झाले. याच काळात गाळाचे अभ्यास सुरू झाले, म्हणून आज या विषयात आपल्याला जे माहीत आहे त्याचा पाया त्याच दहा-बारा वर्षांत घातला गेला.

जेकबसेन आणि बर्गलिंड यांनी १९८८ साली फार्मखालच्या गाळात ऑक्सिटेट्रासायक्लिनचा अर्धायुकाल (औषध निम्मे व्हायला लागणारा काळ) दहा आठवड्यांच्या आसपास असल्याचे दाखवले. फिनलंडमध्ये ब्यॉर्क्लुंड आणि सहकाऱ्यांना १९९० साली एका ठिकाणी ९ दिवस आणि दुसऱ्या, साचलेल्या व प्राणवायूविरहित ठिकाणी ४१९ दिवस असे आकडे मिळाले. औषध तेच, समुद्र तोच, आणि फरक चाळीस पटींहून अधिक. या फरकाचे उत्तर मला सर्वांत स्पष्टपणे मिळाले ते हेक्टोएन आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या प्रयोगात. त्यांनी औषध मिसळलेला गाळ समुद्रतळाशी ठेवला आणि त्यातले थर वेगवेगळे मोजले. वरच्या एका सेंटिमीटरात औषधे हळूहळू कमी होत गेली. पाच ते सात सेंटिमीटर खोलीवर मात्र ऑक्सिटेट्रासायक्लिन, ऑक्सोलिनिक ॲसिड, फ्लुमेक्विन आणि साराफ्लॉक्सासिन ही चारही औषधे १८० दिवसांनंतर जवळजवळ होती तशीच होती. अर्धायुकाल ३०० दिवसांच्या पुढे जात होता. वरच्या थरातली घटही रेणू मोडल्यामुळे होत नसून औषध पाण्यात धुऊन निघून दुसरीकडे पसरत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे नऊ दिवसांचा अर्धायुकाल जिथे मिळतो तिथला गाळ औषध पचवण्यात अधिक तरबेज असतो असे मुळीच नाही. तिथे प्रवाह असतो आणि तो औषध घेऊन जातो. अहवालात ती घट ‘ऱ्हास’ या एकाच रकान्यात पडते आणि वाचणाऱ्याला वाटते की प्रश्न मिटला. दुसरीकडे, औषध बसलेल्या थरावर नव्या विष्ठेचा थर चढला की खालचे औषध धुऊन जाण्याची वाटही बंद होते. आपण ज्याला तळ म्हणतो तो दर हंगामाला वर सरकत असतो, आणि प्रत्येक उपचार त्यात एकेका पट्टीसारखा गाडला जातो.

आणखी एक निष्कर्ष माझ्या मनातून जात नाही. हॅन्सन, लुनेस्टाड आणि सॅमुएल्सन यांनी १९९२ साली कृत्रिमरीत्या तयार केलेल्या फार्मगाळात ही औषधे घालून जिवाणूंचे काम मोजले. सल्फेटवर चालणारे श्वसन सुरुवातीला औषध न घातलेल्या गाळाच्या एक-दशांशाच्याही खाली आले आणि ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. पिंजऱ्याखालची घाण संपवायची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांनाच औषधाने काही काळ झोपवले, आणि तेही वरून विष्ठा पडत असताना.

चिलीविषयी आणि प्रतिरोधाच्या, म्हणजे जिवाणूंनी औषधाला दाद न देण्याच्या, जनुकांविषयी खाली चर्चेत लिहीन. जाणकारांनी माझ्या मांडणीतल्या चुका जरूर दाखवाव्यात.

रसायनवेध

अतिशय नेटका धागा. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की गाळातून औषध काढताना सर्वच्या सर्व बाहेर येते का? टेट्रासायक्लिन गटातील औषधे चिकणमातीला आणि धातूंच्या आयनांना फार घट्ट धरतात, त्यामुळे ‘मोजले गेले नाही’ आणि ‘तिथे नाही’ यांत अंतर राहते, असा माझा समज आहे. दुसरा प्रश्न याच्या उलट बाजूचा आहे. औषध गाळाला इतके घट्ट चिकटलेले असेल, तर ते जिवाणूंवर काम तरी करते का? नसेल, तर ३०० दिवस टिकण्याची भीती बाळगण्याचे कारण काय?

फ्योर्डकाठ

दोन्ही प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारे आहेत. गाळातून हे औषध काढताना धातूंना आपल्याकडे ओढून घेणारे द्रावण वापरावे लागते, आणि तरीही गाळाच्या जातीनुसार काढणीत बराच फरक पडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या स्वच्छ गाळात ठाऊक मात्रा घालून ती किती परत मिळते हे आधी पाहावे लागते. ज्या अहवालात ही टक्केवारी दिलेली नसते त्यातल्या ‘आढळले नाही’ या शब्दांवर मी विसंबत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धे तुमच्या बाजूचे आहे. लुनेस्टाड आणि गोक्सोयर यांनी १९९० मध्ये दाखवले की समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियमशी जोडी जमल्यामुळे ऑक्सिटेट्रासायक्लिनची जिवाणूविरोधी ताकद मोठ्या प्रमाणात घटते. प्रयोगशाळेच्या बशीत जी मात्रा जिवाणू मारते ती समुद्रात मारेलच असे नाही, आणि केवळ रासायनिक आकडा पाहून घबराट करणेही चूक आहे, हे मी मान्य करते. परंतु ही जोडी कायमची नसते. धुऊन निघणारे औषध याच बंधातून सुटून येते. तळातले किडे आणि खेकडे गाळ उकरतात, जाळी ओढताना तळ ढवळतो, आणि प्रत्येक वेळी थोडा भाग मोकळा होतो. वर उल्लेखलेल्या प्रयोगात सल्फेट-श्वसन कोसळले तेही मॅग्नेशियमने भरलेल्या समुद्री गाळातच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रतिरोधी जिवाणूंची निवड होण्यासाठी मारक मात्रा लागत नाही. वाढ किंचित मंदावेल एवढी मात्रासुद्धा, दीर्घकाळ राहिली तर, प्रतिरोधी जिवाणूला शेजाऱ्यापुढे जायला पुरते. ३०० दिवसांची काळजी वाटते ती या कारणाने.

खाजणकर

मी रायगड जिल्ह्यात खाडीकाठी कोळंबी प्रकल्प चालवतो. समुद्रातल्या पिंजऱ्याचा मला अनुभव नाही, पण तळाच्या काळ्या गाळाशी आमचे रोजचे नाते आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे माल काढून झाला की तलाव पूर्ण रिकामा करतात आणि उन्हात वाळवतात. जमिनीला पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत थांबायचे असते. मध्यभागी जिथे एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) प्रवाहाने काळा गाळ गोळा होतो तो खरवडून काढतात, मग नांगरट आणि चुना. हे सारे आम्ही विषारी वायू आणि रोग टाळण्यासाठी करतो. औषधाचा अंश जावा हा विचार त्यामागे नव्हता. १९९५ च्या आसपास व्हाइट स्पॉट रोगाने पूर्व किनाऱ्यावरचे आणि इकडचेही प्रकल्प झोपले, तेव्हा विषाणूच्या रोगावर जिवाणूंची औषधे विकणारे पुष्कळ जण दारात येत होते, आणि घाबरलेल्या माणसाने ती घेतलीही. पुढे २००५ चा कायदा आला, कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीने क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांसह अनेक प्रतिजैविकांवर बंदी घातली, आणि निर्यातीच्या तपासणीने शिस्त बरीच लागली.

माझा प्रश्न एवढाच की तलाव वाळवल्याने गाळात राहिलेले औषध खरोखर जाते का?

फ्योर्डकाठ

खाजणकर, आपला प्रतिसाद या धाग्याला फार उपयोगी आहे, कारण समुद्रातल्या पिंजऱ्याला जे कधीच करता येत नाही ते तुम्ही दर हंगामाला करता. वाळलेल्या आणि नांगरलेल्या तळात हवा आत जाते, सल्फाइडचा काळेपणा जातो, आणि प्रकाशाने मोडणारी औषधे वर आलेल्या मातीत खरोखर मोडतात. परंतु प्रकाश ढेकळाच्या आत शिरत नाही; एकदा वाळवून सगळा थर शुद्ध होतो असे मानू नये. वर-खाली करत केलेली नांगरट इथे नुसत्या उन्हापेक्षा अधिक उपयोगाची ठरेल.

एक गोष्ट आवर्जून विचारावीशी वाटते. खरवडलेला काळा गाळ तुम्ही कुठे टाकता? तो बांधावर रचून ठेवला आणि पहिल्या पावसात खाडीत गेला, तर तलाव स्वच्छ होतो आणि खाडीच्या तळाची गत फ्योर्डासारखी होते. औषध न वापरणाऱ्या प्रकल्पातही हा गाळ खाडीवर भार टाकतोच.

नॉर्वेत वाळवण्याच्या जागी पड ठेवण्याची पद्धत आहे. एक पिढी काढून झाली की ते ठिकाण किमान दोन महिने रिकामे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपण रान पड ठेवतो तसेच. पण जमीन पड ठेवली की तिच्यावर ऊन पडते. समुद्रतळ पड ठेवला तरी तो अंधारात आणि पाच-सात अंश तापमानात असतो. दोन महिन्यांत वरच्या थरातले प्राणी परतू लागतात. पाच सेंटिमीटरांखालच्या औषधाला दोन महिने म्हणजे काहीच नव्हे.

खाजणकर

गाळ बांधालाच लावतो, सगळेच लावतात. आपण म्हणता त्या दृष्टीने याकडे पाहिले नव्हते. या वर्षी तो उंचावरच्या पडीक तुकड्यात टाकून पाहतो.

गॉलवेकर

मी आयर्लंडमध्ये राहतो आणि माझे शिक्षण जलजीवांच्या रोगशास्त्रात झाले आहे. धागाकर्तीच्या मांडणीशी मी बव्हंशी सहमत असलो तरी एका मुद्द्यावर आक्षेप नोंदवतो.

गॉलवेच्या संशोधकांनी १९९४ साली सॅल्मन फार्मखालच्या गाळात ऑक्सिटेट्रासायक्लिन मोजले तेव्हा अर्धायुकाल १६ आणि १३ दिवस असे आले. त्यांतल्याच काहींनी पुढे, औषध धुऊन निघण्याचा वाटा किती मोठा असतो, याचाही हिशेब मांडला. ते धागाकर्तीच्या म्हणण्याला पूरकच आहे. परंतु त्याच गटाने १९९५ साली प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग या चर्चेत यायला हवा. त्यांनी औषधाचा स्पर्शही नसलेल्या समुद्री गाळाच्या टाक्या तयार केल्या, आणि तरीही त्यांत ऑक्सिटेट्रासायक्लिन असलेल्या माध्यमावर वाढू शकणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण वाढलेले त्यांना आढळले. गाळात भरपूर सेंद्रिय खाद्य आले की जिवाणूंची वस्तीच बदलते आणि मुळातच प्रतिरोधी असलेल्या जाती वर येतात. म्हणून ‘पिंजऱ्याखाली प्रतिरोधी जिवाणू अधिक आहेत, सबब औषधाने ते निर्माण केले’ हा तर्क सरळ लागू होत नाही. औषध न वापरलेल्या पण तितकेच खाद्य पडलेल्या फार्मशी तुलना केल्याशिवाय दोष औषधाच्या माथी मारता येत नाही.

फ्योर्डकाठ

आक्षेप रास्त आहे आणि मूळ लेखात मी तो टाळला, ही माझी उणीव. उलट पुढच्या काळातले काम तुमच्या मुद्द्याला आणखी बळ देते. २०१७ साली चीनमधील संशोधकांनी दाखवले की खाद्यात वापरले जाणारे मासळीचे पीठ स्वतःच प्रतिरोधाची जनुके सागरी गाळात वाढवते. फिनलंडच्या बाजूच्या बाल्टिक समुद्रात फार्मखालच्या गाळातली अनेक प्रतिरोधी जनुके माशांच्या आतड्यातूनच आलेली दिसली. म्हणजे विष्ठेबरोबर औषध तर येतेच, त्याच्या आधीच निवड होऊन गेलेले जिवाणूही येतात. त्याच परिसरात औषधाचा निवडीचा दाब नसतानाही टेट्रासायक्लिनविरोधी जनुके गाळात टिकून राहिल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. जाळ्यांना शेवाळ धरू नये म्हणून वापरले जाणारे तांबे गाळात साचते, तोही एक वेगळा दाब असतो, कारण धातूला आणि औषधाला तोंड देणारी जनुके पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) शेजारी शेजारी असतात.

यावरून मला दिसते ते असे. औषध, त्याला चिकटलेला गाळ आणि जनुके यांची आयुष्ये स्वतंत्र आहेत. औषध तेरा दिवसांत निम्मे धुऊन गेले तरी जनुके तिथे वर्षानुवर्षे राहू शकतात, आणि औषध ३०० दिवस राहिले तरी त्याचा प्रत्येक रेणू कामाचा असतोच असे नाही. एका आकड्याने तिन्हींचा निकाल लावण्याची सवयच मोडली पाहिजे.

वैद्य_सांगली

मी संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गात साधी औषधे लागू पडेनाशी झालेले रुग्ण आम्ही रोज पाहतो, आणि त्यामागे माणसांतला व पोल्ट्रीतला वापर किती हे आम्हाला ठाऊक आहे. समुद्रतळाचा गाळ आणि रुग्णालयातला रुग्ण यांच्यात काही दुवा सिद्ध झाला आहे का, की ही केवळ शक्यता आहे? चिलीचा उल्लेख करून तुम्ही पुढे लिहीन म्हणालात, त्याचीही वाट पाहतो आहे.

फ्योर्डकाठ

चिलीचीच गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे जेवढे उत्तर आज आहे ते तिथूनच येते.

तिथे १९८९ मध्ये कोहो सॅल्मनमध्ये पिसिरिकेट्सिया साल्मोनिस या जिवाणूचा रोग प्रथम दिसला आणि तो आजवर आटोक्यात आलेला नाही. हा जिवाणू पेशीच्या आत लपून वाढतो, त्यामुळे लशीचे संरक्षण फार टिकत नाही आणि शेतकरी पुन्हा औषधाकडे वळतो. २०१४ साली चिलीच्या सॅल्मन उद्योगात ५६३ टन प्रतिजैविके वापरली गेली, टनामागे अर्ध्या किलोहून अधिक. २०२१ सालीही हा आकडा ४६३ टन होता. यातला बहुतांश भाग फ्लोरफेनिकॉलचा आहे.

फ्लोरफेनिकॉलच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या खऱ्या आहेत. मात्रा लहान आहे, दर किलो माशामागे रोज १० मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या १०० टनांच्या फार्मला ७५ ऐवजी १० किलो औषध पुरते, आणि माशाच्या अंगात ते चांगले शोषलेही जाते. शिवाय हेक्टोएन यांच्या त्याच प्रयोगात गाळातला त्याचा अर्धायुकाल अवघा साडेचार दिवस आला होता. पण त्यातून फ्लोरफेनिकॉल अमाइन हा पदार्थ तयार होतो, आणि मूळ औषध लवकर गेले तरी वर्षात शेकडो टन ओतले जात असेल, तर लवकर जाण्याचा लाभ पुढच्या उपचारातच संपतो. मात्रा आणि टिकाऊपणा यांचा गुणाकार पाहायला हवा. कंपन्यांच्या पत्रकांत बहुधा टिकाऊपणा तेवढा छापलेला असतो.

आता तुमचा प्रश्न. मूळचे चिलीचे आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिपे काबेयो २००६ पासून सातत्याने या धोक्याविषयी लिहीत आले आहेत. त्यांच्या आणि आलेहांद्रो बुशमान यांच्या गटाने २०१२ साली फार्मजवळच्या गाळात फ्लुमेक्विन शोधलेच, पण आठ किलोमीटर दूरच्या, तुलनेसाठी निवडलेल्या ठिकाणच्या गाळातही ते सापडले. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात फार्मच्या परिसरातील सागरी जिवाणूंत आणि त्याच भागातल्या रुग्णांच्या मूत्रमार्गातून मिळालेल्या ई. कोलायमध्ये क्विनोलोनविरोधी (फ्लुमेक्विन ज्या गटातले आहे त्या गटाच्या औषधांना दाद न देणारी) समान जनुके आढळली. जनुके समान आहेत एवढे यातून कळते. ती समुद्रातून माणसात आली, माणसातून समुद्रात गेली, की दोघांना तिसरीकडून मिळाली, हे यातून ठरत नाही. डॉक्टर म्हणून तुम्ही रुग्णाच्या नातेवाइकांना सांगताना जेवढी सावधगिरी बाळगाल तेवढीच इथे बाळगावी असे मला वाटते. दुवा आहे, त्याची दिशा सिद्ध झालेली नाही.

आणखी एक वाट जनुकांच्या मानाने साधी आहे आणि तिचा पुरावा पक्का आहे: गाळातून आणि दाण्यांतून औषध थेट जंगली जीवांच्या अंगात जाते. पिंजऱ्यांभोवती आयते खाद्य मिळते म्हणून नॉर्वेत कॉडच्या कुळातले सेई मासे थव्याने जमतात, आणि उपचाराच्या काळात पकडलेल्या अशा माशांत ऑक्सोलिनिक ॲसिडचे अंश मिळाले आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचारादरम्यान आणि नंतरच्या १२ दिवसांत पिंजऱ्याखाली पकडलेल्या तांबड्या खडक-खेकड्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या मांसात दर ग्रॅममागे ०.८ ते ३.८ मायक्रोग्रॅम ऑक्सिटेट्रासायक्लिन होते. पाळलेला मासा विकण्याआधी औषध बंद करून ठराविक दिवस थांबावे लागते. शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसाला आणि त्याच्या खेकड्याला तो नियम कोणी सांगितलेला नसतो.

वैद्य_सांगली

उत्तर समाधानकारक आहे. दिशा सिद्ध नाही हे तुम्ही स्पष्ट लिहिलेत याबद्दल विशेष आभार, कारण या विषयावर वाचायला मिळणाऱ्या बहुतेक लेखांत तेच गाळलेले असते.

वेंगुर्ले_बंदर

नॉर्वेने वापर कमी केला असे ऐकून आहे. तो कसा केला? आणि आमच्या सिंधुदुर्गात कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून काही गट खाडीत पिंजरे बांधून जिताडा पाळतात. त्यांनी आणि गावाने गाळाच्या बाबतीत आतापासून काय पाहावे, तेही सांगा.

फ्योर्डकाठ

नॉर्वेने वापर कमी केला तो लशीने. आधी हित्रा रोगावरची आणि मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलात मिसळलेली फुरुंक्युलोसिसवरची लस आली. पिल्लू समुद्रात सोडण्याआधी प्रत्येकाच्या पोटात सुई देतात. कोट्यवधी पिल्लांना, एकेक करून. जोडीला फार्मांमधले अंतर वाढवले, एका ठिकाणी एकाच पिढीचे मासे ठेवण्याचा नियम केला आणि पडीचा काळ बंधनकारक केला. २०१६ साली उत्पादन बारा लाख टनांच्या वर होते आणि प्रतिजैविक लागले सुमारे दोनशे किलो. १९८७ मध्ये टनामागे जवळजवळ किलो लागत होते, ते २०१६ मध्ये ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आले होते. सॅल्मनशेतीचे नॉर्वेतले इतर प्रश्न, विशेषतः समुद्री उवा आणि त्यांवरची रसायने, संपलेले नाहीत. पण प्रतिजैविकांपुरते हे काम खरोखर झाले आहे आणि ते मोठे आहे.

जिताड्याच्या गटांविषयी. ते औषध वापरतात असे मला अजिबात सुचवायचे नाही. पण मोजमापाची सवय आधी लावली तर पुढे वाद होत नाहीत. पिंजरा बांधण्याआधीच्या तळाचा नमुना घेऊन ठेवावा, कारण नंतर तुलनेला दुसरे काही उरत नाही. ज्या दिवशी कोणतेही औषध खाद्यात घातले जाईल त्या दिवसाची तारीख, औषधाचे नाव आणि वजन एका वहीत लिहावे; औषध घातले नाही तर तेही लिहावे.

नमुना कसा घेतात याकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. नॉर्वेतल्या नेहमीच्या तळतपासणीत गाळाचा वास, रंग, आम्लता, सल्फाइडची स्थिती आणि त्यातले किडे पाहतात. ती तपासणी उत्तम आहे, पण औषध मोजण्यासाठी ती केलेली नाही. शिवाय तिथे चिमट्यासारखा पंजा तळाला लावून गाळ उचलतात, त्यात वरचा आणि खालचा थर एकमेकांत मिसळून जातो. औषध पाहायचे असेल तर पारदर्शक नळी सरळ तळात खुपसून अख्खा दंड वर काढावा लागतो, आणि वरचा एक सेंटिमीटर, मधला भाग व पाच ते सात सेंटिमीटरांचा भाग असे काप वेगळे करून अंधारात व बर्फात प्रयोगशाळेपर्यंत न्यावे लागतात. आपल्याकडे खाडीला भरती-ओहोटी मोठी आणि पाणी उबदार, त्यामुळे फ्योर्डातले अर्धायुकाल जसेच्या तसे लावू नका. आणि प्रवाह मोठा म्हणून औषध वाहून कुठे जाते हे पाहण्यासाठी एक नळी पिंजऱ्याखाली, एक ओहोटीच्या दिशेला खाली आणि एक वरच्या अंगाला, अशा तीन जागा तरी धराव्यात.

वेंगुर्ले_बंदर

आमच्या गटाचे दोन पिंजरे दिवाळीनंतर बांधायचे आहेत. त्याआधी ओहोटीला तीन नळ्या घेऊन ठेवतो. नळी किती लांबीची हवी?

फ्योर्डकाठ

अर्ध्या मीटरची पुरे. खाडीचा चिखल मऊ असेल तर निम्मी सहज आत जाईल. वरच्या टोकाला घट्ट बसणारे रबरी बूच लावूनच वर ओढा, नाहीतर गाळ खालून निसटतो, आणि वर आल्यावर त्यातले पाणी एकदम ओतून देऊ नका. वरचा मऊ मिलिमीटरभर थर त्याच पाण्याबरोबर जातो, आणि आपल्याला पाहायचा असतो तो तोच.